उटणे लावून बसलेली इमारत

करंजाडे म्हटले की आमच्या पुण्याच्या नातेवाइकांना करंजी आठवते. दिवाळीत त्यांचा फोन आला की हा विनोद ठरलेला, आणि त्यावर माझे हसणेही ठरलेले. या पानाच्या जुन्या वाचकांना माझा पत्ता ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगतो. पनवेलला लागून असलेली ही वसाहत. चार-चार मजल्यांच्या इमारती, खाली मोटारी उभ्या करायला मोकळी जागा, वर गच्ची आणि गच्चीवर टाकी. आज त्या टाकीचीच गोष्ट सांगायची आहे. दिवाळी अंकात चकली-चिवडा सोडून टाकीचे काय घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल. पण ज्याने करंजाड्यात एक तरी दिवाळी काढली आहे तो तसे म्हणणार नाही.

आमच्याकडे पाण्याचा टँकर हा पाहुणा नव्हे, घरचाच माणूस आहे. नळाचे पाणी पुरत नाही, म्हणून त्याला बोलवायचे. दिवाळीत कसला आलाय तुटवडा, तेव्हा तर धरणे तुडुंब असतात, असे मुंबईची मंडळी विचारतात. त्यांना एवढेच सांगावे, की धरण भरते ते पावसाच्या कृपेने, आणि आमची टाकी भरायला मधल्या दहा जणांची कृपा लागते.

आमच्या इमारतीत 20 बिऱ्हाडे. त्यांतली दोन कुलूपबंद. मालकांनी पैसे गुंतवण्यासाठी घेऊन ठेवलेली. उरलेल्या अठरांत लहानमोठी मिळून 71 माणसे. गेल्या वर्षीपर्यंत रिवाज असा होता, की वॉचमनने सकाळी सहाला गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह उघडायचा आणि सातला बंद करायचा. संध्याकाळी पुन्हा तेच. तासाभरात ज्याला जे भरायचे ते त्याने भरून घ्यावे. वरवर पाहता यात वावगे काही नाही. तास सगळ्यांना सारखा, नळ सगळ्यांना सारखे. पण त्या तासात घराघरांत काय चालत असे म्हणता! पिंप भरले, बादल्या भरल्या, घागरी भरल्या, मग पातेली, मग कुकर. आमच्या समोरच्या बिऱ्हाडात तर मुलांच्या शाळेच्या बाटल्यासुद्धा ओळीने भरून ठेवलेल्या असत, शाळेला सुट्टी असली तरी! आणि दुसऱ्या दिवशी ताजे पाणी यायच्या आधी कालचे उरलेले पाणी 'शिळे' म्हणून मोरीत ओतून द्यायचे. भात शिळा होतो, पोळी शिळी होते हे कळते. पण पाणी एका रात्रीत शिळे होते हा शोध टंचाई असलेल्या ठिकाणीच लागतो.

हे सगळ्यांना दिसत होते. सगळ्यांना पटतही होते, की एवढे भरू नये. पण आधी थांबायचे कोणी? मी माझे पिंप अर्धे ठेवले तर ते पाणी टाकीत थोडेच राहणार? ते शेजारच्याच्या कुकरात जाणार. मग मीच तेवढा खुळा का ठरू? हा 'मीच तेवढा खुळा का' हा प्रश्न फार वाईट. माणूस उणे सोसतो, पण खुळा ठरणे त्याला सोसवत नाही.

आता गेल्या वर्षीच्या नरकचतुर्दशीकडे येतो. आदल्या दोन दिवसांपासून नळाला पाणी नव्हते. पहाटे चारला टँकर येणार असे ठरले होते. त्या भरवशावर सारी इमारत साडेचारला उठली, घराघरांत तेल जिरवले गेले, उटणे लावले गेले, आणि टँकर काही आला नाही. त्याच्या चालकाच्या घरीही दिवाळी असणार, त्याला काय बोलावे! वॉचमनने व्हॉल्व्ह उघडला. दहा मिनिटे पाणी आले, आणि मग नळांतून नुसता सूं सूं आवाज. उटणे अंगावर वाळत चाललेली 71 माणसे दारे उघडून जिन्यात उभी, असा देखावा मी आयुष्यात पाहिला नव्हता. मुले एकमेकांना पाहून हसत होती. मोठी माणसे हसत नव्हती.

आमच्या न्हाणीघरात मात्र पाण्याचा आवाज चालला होता. तो कसा, ते पुढे सांगतो. इथेच सांगायला जरा जड जाते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आगरी आजी राहतात. ऐंशीच्या घरातल्या. इमारत ज्या भूखंडावर उभी आहे तो त्यांच्याच घराला जमिनीच्या मोबदल्यात मिळालेला, साडेबारा टक्के योजनेतला. म्हणजे एका अर्थी आम्ही सगळे त्यांच्या अंगणात राहतो. आमची सौ. म्हणाली, "आजी उटणं लावून गॅलरीत कुडकुडत बसल्यात. दोन बादल्या देऊन या." मी कढत पाण्याच्या दोन बादल्या घेऊन खाली गेलो. परोपकाराच्या भावनेने पावले हलकी पडत होती.

"आजी, गरम पाणी आणलंय. उटणं वाळलं तुमचं."

"टँकर आला का, बाला?"

"नाही. आमच्याकडे थोडं होतं."

"सगल्यांना हाय का?"

मी गप्प. आजींनी माझ्याकडे पाहिले, बादल्यांतून निघणाऱ्या वाफेकडे पाहिले आणि म्हणाल्या, "सगल्यांना असंल तं घेन. नायतं नको. घेऊन जा."

रागाने नव्हे हो. दारावर आलेल्या भाजीवाल्याला आज मेथी नको म्हणावे तसे. आणि त्यांनी पदराच्या टोकाने कोपरावरचे उटणे खरवडायला घेतले. भरल्या बादल्या घेऊन जिना उतरणे आणि त्याच भरल्या बादल्या घेऊन तो चढणे, यांत किती अंतर आहे ते त्या दिवशी कळले. टँकर साडेआठला आला. सूर्योदयापूर्वी स्नान न करणारा नरकात जातो हे खरे धरले, तर आमच्या इमारतीची सगळी मंडळी त्या दिवशी तिकडे जायला पात्र ठरली होती. एक आमचे घर सोडून. आणि आम्ही कुठे जाणार याविषयी मला शंका राहिली नव्हती.

आजींचे हे वागणे मला बरेच दिवस कोडे घालत राहिले. फुकट मिळणारे गरम पाणी, तेही थंडीत, तेही उटणे लावलेल्या म्हाताऱ्या माणसाने का नाकारावे? व्यवहारी हिशेब मांडला तर दोन बादल्या या शून्य बादल्यांपेक्षा केव्हाही जास्तच.

पण मनुष्य असा हिशेब मांडत नाही, हे जर्मनीत वेर्नर ग्यूट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1982 साली एका साध्या खेळाने दाखवून दिले आहे. दोन अनोळखी माणसे घ्यायची. समजा, एकाला 100 रुपये दिले. त्याने त्यांतले किती दुसऱ्याला द्यायचे ते ठरवावे. दुसऱ्याने 'घेतो' म्हटले तर ठरल्याप्रमाणे वाटणी. 'घेत नाही' म्हटले तर दोघांनाही काही नाही. पुस्तकी अर्थशास्त्राप्रमाणे दुसऱ्याने एक रुपयाही मुकाट घ्यायला हवा. पुढे देशोदेशी हा खेळ कितीतरी वेळा खेळून पाहिला गेला, आणि चित्र साधारण सारखेच दिसले. बहुतेक जण आपण होऊन 40 ते 50 देतात. आणि 20 पेक्षा कमी देऊ केले, तर जवळजवळ निम्म्या वेळा समोरचा ते पैसे लाथाडतो. स्वतःचे नुकसान करून घेतो, पण अन्यायाच्या वाटणीवर अंगठा उठवत नाही.

सगळीकडे मात्र माप एकच नाही. जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या मंडळींनी 15 लहान लहान समाजांत हा खेळ नेला. पेरूच्या अरण्यातले माचिगेंगा लोक, ज्यांचे व्यवहार घरापुरतेच असतात, ते सरासरी पाव हिस्साच देत, आणि समोरचा तो बहुधा घेईही. उलट इंडोनेशियातल्या लामालेरा गावचे कोळी, जे दहा-बारा जण एका होडीत बसून देवमासा मारायला जातात, ते निम्म्याहून जास्त देत. देवमासा एकट्याने मारता येत नाही. ज्यांचे पोट एकमेकांवाचून भरत नाही त्यांना वाटणी नीट करण्याची सवय असते, एवढाच याचा अर्थ मी घेतो.

आणि आजींना हे सांगायला जर्मन प्राध्यापकाची गरज नव्हती. नवी मुंबई उभारण्यासाठी मार्च 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि पनवेल, उरण, ठाण्याकडच्या गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या. मोबदला ठरला तो शेतकऱ्यांना मान्य नव्हता. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटले. 16 आणि 17 तारखेला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातूनच, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व पुढे आले. आजी त्या वेळी चाळिशीच्या आत-बाहेर असतील. त्या मोर्चाला गेल्या होत्या हे मला पुष्कळ उशिरा कळले, तेही त्यांच्या सुनेकडून. जिने आयुष्यात एकदा 'असे असेल तर नको' म्हणून पाहिले आहे, तिला दोन बादल्यांचे काय!

असो. आता न्हाणीघरातल्या आवाजाविषयी.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात मी एक प्लंबर बोलावून न्हाणीघराच्या माळ्यावर 300 लिटरची टाकी बसवून घेतली होती. सकाळच्या तासात ती आपोआप भरे. बाहेरून दिसत नसे, कारण पुढे जुन्या अंकांचे गठ्ठे रचले होते. या साप्ताहिकाचेच! जूनमध्ये सोसायटीच्या सभेत ठराव आला, की कोणीही घरात जादा टाकी बसवू नये. सर्वानुमते संमत झाला. सर्वानुमते म्हणजे माझा हातही वर होता. मी मनाशी म्हटले, ठराव यापुढच्या टाक्यांसाठी आहे, आमची तर आधीच बसली आहे. मनुष्य स्वतःची समजूत किती चांगली घालू शकतो! सौ.ने तेव्हाच विचारले होते, "मग वर केलात कशाला हात?" त्यावर मी वर्तमानपत्र उघडले होते.

दिवाळीनंतर नोव्हेंबरात पाण्यासाठी खास सभा भरली. आमचे चिटणीस बँकेत हिशेबाचे काम करणारे, अबोल गृहस्थ. त्यांनी भाषण न करता चिठ्ठ्या वाटल्या आणि प्रत्येक घराने रोज किती पाणी वापरतो ते नाव न घालता लिहून द्यावे असे सांगितले. अठरा चिठ्ठ्यांची बेरीज साडेपाच हजार लिटरही भरली नाही. आणि टाकीतून रोज दहा हजारांच्या वर जात होते! चिटणीसांनी दोन्ही आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिले आणि खाली बसले. सभेत इतकी शांतता मी पूर्वी कधी ऐकली नव्हती.

यात सगळेच लबाड होते असे मात्र नाही. कॅनडातल्या रॉस आणि सिकोली या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली 37 जोडप्यांना वेगवेगळे बसवून विचारले होते, की घरच्या अमुक-तमुक कामांत तुमचा वाटा किती? नवऱ्याचा आणि बायकोचा आकडा मिळवला, तर बहुतेक जोडप्यांत बेरीज शंभराच्या वर गेली. आपण घासलेले भांडे आपल्याला आठवते. दुसऱ्याने घासलेले, आपण झोपलेले असताना घासले गेलेले असते. मौज म्हणजे भांडणे उकरून काढण्यातला वाटासुद्धा लोकांनी आपल्याकडे जास्तच ओढून घेतला. म्हणजे प्रश्न नुसत्या बढाईचा नाही, आठवणीचा आहे. आमच्या चिठ्ठ्यांत तेच उलट्या बाजूने झाले होते. आपण वाचवलेली बादली आठवली, ओतून दिलेली आठवली नाही. मी हे सौ.ला समजावून सांगितले, तर ती म्हणाली, "आपल्या घरातल्या कामांचा शंभरावर कसा जाईल? माझेच नव्वद आहेत." आता यावर शास्त्र काय बोलणार!

फळ्यावरच्या त्या दोन आकड्यांकडे पाहत असताना आजी माझ्याकडे पाहत आहेत असा मला भास झाला. प्रत्यक्षात त्या भिंतीला टेकून डुलक्या घेत होत्या, असे शेजारचे सांगतात. काही असो, मी उठलो आणि माळ्यावरच्या टाकीचे सांगून टाकले. हात वर केल्याचेही. पुढची पाच मिनिटे फार कठीण गेली. एका गृहस्थांनी सूचना मांडली, की अशा सभासदाचे पाणी महिनाभर तोडावे. कोणी दंड म्हणाले, कोणी नाव फलकावर लावा म्हणाले. मग चौथ्या मजल्यावरच्या एक बाई हळूच म्हणाल्या, "आमच्याकडेही आहे." त्या आठवड्यात माझ्यामागून आणखी चार टाक्या माळ्यांवरून खाली उतरल्या. पाणी तोडा म्हणणाऱ्या गृहस्थांची त्यांत एक होती, आणि ती 500 लिटरची होती.

शिक्षा ठरवली ती आजींनी, जाग्या झाल्यावर. पैसे नकोत, म्हणाल्या. याने रोज गच्चीवर चढून टाकीत किती पाणी आहे ते बघून खाली येऊन लिहावे. झाले! महिनाभर मी सकाळ-संध्याकाळ खुणा केलेली बांबूची काठी टाकीत बुडवून पाण्याची उंची मोजत होतो आणि जिन्याजवळच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहीत होतो : वेळ, फूट, लिटर, आदल्या दिवसाचा खर्च.

आता पुढचे ऐका. पहिला आठवडा काहीच फरक पडला नाही. दुसऱ्या आठवड्यात लोक फळ्यापाशी थांबू लागले. कोणीतरी हिशेब केला, की 71 माणसांना शहरी प्रमाणाप्रमाणे माणशी 135 लिटर धरले तर रोज 9585 लिटर होतात, म्हणजे एक दहा हजारांचा टँकर पुरून थोडे उरायला हवे. मग समोरच्या बिऱ्हाडातल्या बाटल्या बंद झाल्या. मग शिळे पाणी ओतण्याआधी लोक त्याने फरशी पुसू लागले. सहाव्या आठवड्यात चिटणीसांनी वॉचमनला सांगितले, व्हॉल्व्ह सात वाजता बंद करू नकोस, बघू काय होते. पाणी दिवसभर सुरू राहिले, आणि खर्च वाढण्याऐवजी कमी झाला. कारण पाणी केव्हाही येणार म्हटल्यावर भरून कोण ठेवतो?

झुरिचमध्ये अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांनी केलेल्या प्रयोगांशी हे ताडून पाहावे असे वाटते. त्यांचा 2000 सालचा निबंध प्रसिद्ध आहे. चौघांना प्रत्येकी 20 नाणी दिली. वाटेल तेवढी सामाईक पेटीत टाकावीत. पेटीतल्या प्रत्येक नाण्यामागे चौघांपैकी प्रत्येकाला 0.4 नाणे परत मिळेल. चौघांनी सगळी टाकली तर प्रत्येकाच्या हाती 32 येतात. पण तिघांनी टाकली आणि चौथ्याने खिशातच ठेवली, तर तिघांना 24 आणि त्या आयतोबाला 44! सुरुवातीला लोक बऱ्यापैकी टाकतात. फेऱ्या वाढत जातात तसतसे पेटीत पडणारे कमी कमी होत जाते. यातले बहुतेक लोक काही मुळात स्वार्थी नसतात. दुसरा टाकतो तोवर मीही टाकीन, अशा वृत्तीची माणसे सर्वांत जास्त असतात. एक आयतोबा दिसला की तीही हात आखडतात. स्वतःचे थोडे पैसे खर्चून आयतोबाला दंड करण्याची मुभा मिळाली, की पेटी पुन्हा भरू लागते.

दंडाचे मात्र जपून करावे लागते. आमच्याकडे फळ्याच्या यशाने काहींना चेव आला. एका उत्साही सभासदाने तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू बाईंचे गॅलरी धुतानाचे छायाचित्र व्हॉट्सअॅपवर टाकले, खाली बोचरे दोन शब्द. नंतर कळले, की लेकराला उलट्या होत होत्या आणि बाई ती घाण धूत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, पण त्यांच्या घरचा नळ पुन्हा सकाळी सहापासून वाहू लागला. का वाहू नये? भाडेकरू सभासद नसतो, त्याला सभेत जागा नाही, नियम त्याला विचारून केलेला नाही; आणि नियम मोडल्याचा ठपका मात्र आधी त्याच्यावर. छायाचित्र टाकणाऱ्याने घरी जाऊन क्षमा मागितली, आणि पुढच्या सभेपासून भाडेकरूंनाही बोलावू लागलो. मत नाही, पण खुर्ची आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने सामाईक कुरणे, पाट आणि मासेमारी यांचा जगभर अभ्यास केला आणि 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवले. ते मिळवणारी ती पहिली स्त्री. जिथे नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात, पहारा वापरणाऱ्यांचाच असतो आणि पहिल्या चुकीची शिक्षा हलकी असते, तिथे अशी व्यवस्था टिकते असे तिला आढळले. आजींची काठी याच जातीची.

आता राहिला पैशांचा प्रश्न, आणि तो अजून राहिलेलाच आहे. टँकरचे पैसे वाटायचे कसे? सहकारी गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींत पाणीपट्टी घरातल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर लावायची तरतूद आहे. पण नळ काही पाणी पीत नाही. दर घरी सारखे म्हणावे तर एकट्या राहणाऱ्या निवृत्त मास्तरांना सात माणसांच्या बिऱ्हाडाइतकेच पैसे पडतात. डोक्यांवर घ्यावेत तर ते सात माणसांचे बिऱ्हाड एका खोलीत आहे, आणि इमारतीत सर्वांत ओढगस्तीचे तेच. कुलूपबंद घरांचे मालक म्हणतात, आम्ही थेंबही वापरत नाही. त्यांना खजिनदार म्हणतात, पाण्याची सोय असलेल्या इमारतीत घर आहे म्हणून तर भाव येतो.

वाटणीचे शहाणपण आपल्याकडे कमी नाही. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, माणसांच्या प्रमाणात : माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, घरटी अडीच एकरांपर्यंत. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जात नाही. उसाला बंदी. खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी उचलायचा. त्याहून कितीतरी जुनी धुळे-नाशिककडची फड पद्धत. पांझरा, मोसम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांखाली शेतीचे फड पाडलेले, एका फडात एक पीक, आणि पाणी द्यायला गावाने नेमलेला पाटकरी. कोणाच्या शेतात किती पाणी गेले ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

मी सभेत साळुंख्यांचे उदाहरण दिले तेव्हा मास्तर म्हणाले, "पाणी माणशी हे मान्य. पण पैसेही माणशी असं कुठं सिद्ध होतं?" मुद्दा बिनतोड होता. माझे स्वतःचे मत असे, की पंप, वॉचमन आणि दुरुस्तीचे सगळ्यांनी सारखे द्यावेत, कुलूपवाल्यांनीसुद्धा. आणि टँकरचे डोक्यांवर, पण पाचव्या डोक्यापासून सूट. याला आतापर्यंत सात मते मिळाली आहेत. त्यांतली तीन सात माणसांच्या बिऱ्हाडाच्या शेजाऱ्यांची आहेत, हे मला विशेष वाटते. बाकीचे विचार करताहेत, म्हणजे बहुधा करत नाहीत.

यंदाच्या पहिल्या आंघोळीची तयारी मात्र झाली आहे. टँकर पहाटे नव्हे, आदल्या रात्रीच मागवायचा आणि टाकी भरून कुलूप लावायचे; किल्ली आजींकडे. परवा चिटणीसांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले : टाकी 10,000 लिटर, माणसे 71, माणशी 135. आम्ही सगळे फळ्याभोवती उभे राहून समाधानाने पाहत होतो. इतक्यात चौथ्या मजल्यावरची सहावीतली मुलगी म्हणाली, "काका, यात वॉचमनकाका कुठे आहेत?"

जिन्याखालच्या खोलीत वॉचमन राहतो, बायको आणि दोन मुलांसह. वर्षभर त्याने रोज व्हॉल्व्ह उघडला, मी रोज काठी बुडवली, फळ्यावर रोज हिशेब लिहिला. आणि 71 मध्ये ती चार माणसे एकदाही धरली गेली नव्हती. वॉचमन तिथेच उभा होता. तो म्हणाला, "राहू द्या साहेब, आमचं होतं बाहेरच्या नळावर."

चिटणीसांनी फळा पुसायचे फडके मागितले. त्यांनी 71 पुसून 75 केले. 75 ला 135 ने गुणले, तर 10,125 आले; टाकीपेक्षा सव्वाशे लिटर जास्त. मग त्यांनी 10,000 ला 75 ने भागले, आणि 135 पुसून तिथे 133 लिहिले. कोणी काही बोलले नाही. आजींनी किल्ली कनवटीला लावली आणि वॉचमनच्या धाकट्याला विचारले, "उटनं आनलंस का रं?"